खटका हळू ओढू नका

आई,

साडेआठच्या एसटीने नगरला चाललेय, हात डॉक्टरांना दाखवायला. तुम्ही पूजेला बसला होतात म्हणून हाक मारली नाही.

आज गिरणी उघडू नका. बाजरीचे डबे आले तर ठेवून घ्या, पण मोटारीच्या खटक्याला अजिबात हात लावायचा नाही. वायरमन अझीमभाई अकराला येऊन नवा बसवतील. खटका जुना आहे, हळू ओढावा, असं तुम्हीच मला शिकवलंत. ते उलटं आहे हो! काल दळण चालू असतानाच मी तो सावकाश खाली घेतला, तर खटक्याच्या पात्यांमध्ये निळा जाळ ताणला गेला, तुटेचना, आणि हात भाजला. अझीमभाई म्हणतात, आधी दाणे संपू द्यायचे, मग एका झटक्यात ओढायचा.

ह्यांना मी तव्याचा चटका सांगितलाय. खरं कळलं तर गिरणीच विकून टाकतील. तुम्हालाही तेच सांगितलं, माफ करा. पण माझा हात नळाखाली धरताना तुम्ही एका शब्दानं काही विचारलं नाहीत, आणि मला तुमच्या अंगठ्याजवळचा तो जुना डाग दिसला.

तो तव्याचा आहे, असं ह्यांना लहानपणी कुणी सांगितलं होतं, आई?

देवश्री