पाचशे साठ युनिट

प्रिय चिंगवन,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तू आईशी बोलतेस तेव्हा मी शेजारीच बसलेला असतो. ‘बाबा झोपलेत’ असं ती सांगते, ते माझ्याच खुणेवरून. आज ती बाजारात गेली आहे, म्हणून लिहायला बसलो.

त्या नववर्षाच्या जेवणाला आता पावणेदोन वर्षं होतील. मटणाचं पातेलं अजून उकळत होतं आणि मी साऱ्या नातेवाइकांसमोर म्हणालो, “आमच्या पोरीचा कारखाना आमच्या वीजकेंद्राचा कोळसा खातो आणि ढेकरही देत नाही! ती सौर पॅनलं करायला जेवढी वीज जाते, तेवढी ती जन्मात परत द्यायची नाहीत.” सगळे हसले. तू वाटी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, “आम्ही निदान काही परत तरी देतो, बाबा. तुम्ही एकतीस वर्षं नुसती राख केलीत.” मी उठून आत गेलो. सकाळी पाहिलं तर तू पहिल्या बसनं गेली होतीस. तुझं घर इथून बसनं चाळीस मिनिटांवर, पण तुझी आईच काय ती येत-जात राहिली.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तुझ्या कारखान्यातल्या कुणीतरी टेम्पोतून एक पॅनल आणून टाकलं. सोबत मीटर आणि तुझी चिठ्ठी: ‘हे करायला गेलेली वीज ५६० युनिट. वाळू वितळवण्यापासून काच, चौकट, ट्रक, सगळं धरून. मोजा.’ ना नमस्कार, ना सही. बापावर गेली आहेस.

आता कबूल करतो. पॅनल कुठं लावावं हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी मी ते मुद्दाम मागच्या कोठीच्या पत्र्यावर लावलं, जिथं दुपारी तीननंतर भिंतीची सावली येते. वसंतात वाळूची वादळं आली, पॅनलवर धुळीचा थर बसला, मी पुसला नाही. एक दिवस पाहतो तर तुझी आई फडकं घेऊन शिडीवर चढलेली. म्हणाली, “मोजायचं तर नीट मोजा, नाहीतर हरलो म्हणून टाका!” त्यानंतर मीच पुसू लागलो. बॉयलरच्या काट्यांवर नजर ठेवण्यात माझा जन्म गेला, ती सवय जाते कुठं? रोज संध्याकाळी मीटर पाहिल्याशिवाय चहा गोड लागेना. चांगलं ऊन पडलं की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

यंदाच्या जूनमध्ये, सतरा तारखेला, मीटरनं पाचशे साठ ओलांडले. चौदा महिने लागले, तेही सावलीत. मी आईला काही बोललो नाही. आमच्या वीजकेंद्रात सराना बाई इंजिनिअर होत्या, आठवतात ना? त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, “पोरीनं आकडा कमी करून लिहिला असणार.” त्यांनी दोन दिवस कागद खरडले. मग म्हणाल्या, “तुझ्या समाधानासाठी सातशे धर. तरी हिवाळ्याआधी फिटतंय, आणि हे पंचवीस वर्षं चालणार. पूर्वीच्या पॅनलना तीन-चार वर्षं लागायची, तेव्हाचं ऐकलेलं तू धरून बसलायस. देशुन, तुला आकडा नकोय, भांडण जिंकायचंय.”

मी निघालो तशा त्या दारातून म्हणाल्या, “तिच्या भट्टीला वीज कुठून गेली, याचा विचार केलास का?”

घरी येऊन शिडी लावली आणि पॅनलच्या पाठीवर चिकटवलेली माहितीची पट्टी वाचली. बनवल्याचा महिना माझ्या निवृत्तीच्या आधीचा होता. तुमच्या कारखान्याला वीज आमच्याकडून जायची. म्हणजे तिकडे तू भट्टीतल्या वितळलेल्या सिलिकॉनमधून स्फटिक वर ओढत होतीस, तेव्हा इकडे मी आग राखत होतो. आपण दोघं एकाच कामावर होतो, पोरी, आणि दोघांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. तू राख म्हणालीस ते खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं. माझंही बोलणं अर्धंच होतं, आणि ते मी चारचौघांत बोललो. गेल्या आठवड्यात सातशेही झाले. मी हरलो.

पण हे तर आईनंही तुला फोनवर सांगितलं असतं. पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी. येत्या बारा तारखेला सकाळी दहा वाजता आमच्या केंद्राची दोन्ही धुराडी सुरुंग लावून पाडणार आहेत. जुन्या कामगारांना कुंपणापर्यंत सोडणार आहेत, सोबत घरचं एक माणूस चालेल म्हणतात. तुझी आई म्हणते, तिला तो आवाज सोसायचा नाही. खरं-खोटं तिलाच माहीत. मी एकतीस वर्षं त्यांच्या पायाशी वावरलो. ती खाली येताना मला एकट्याला बघवेल असं वाटत नाही. रजा मिळाली तर ये. काही बोलायला नको. नुसती माझ्या शेजारी उभी राहा.

तुझाच बाप,
हाओ देशुन