शांतासाठी गोविंदाचा पेपर

नंदुरबार, १२ जानेवारी १९३८

तिसऱ्यांदा तपासतो आहे, तरी गोविंदाचा भूमितीचा पेपर अर्धा कोराच. या चाचणीत नापास झाला तर त्याला मॅट्रिकला बसता येणार नाही. मग त्याची चुलतबहीण शांताही घरी बसेल. ती तर वर्गात पहिली.

दोघं इंग्रजी चौथीत असताना तिच्या वडिलांनी बजावलं होतं, "गुरुजी, एकली पोर कशी धाडू? गोविंदा वर चढना तं ती चढी." म्हणजे तो वरच्या वर्गात गेला तरच तीही जाणार. तेव्हापासून तिला कॉलेजात धाडायचं म्हणून मी गोविंदाला शिकवतो आहे. तिला शिकवावं लागलंच नाही.

आज तो म्हणाला, "गुरुजी, नापास करी टाका ना. मन्हं मन वावरमा शे, शेतीमा."

शांता खेकसली, "गप बस! मन्हं काय व्हई?"

अर्धा कोरा पेपर. पास केला तरी मॅट्रिकला काय लिहील? आणि पुढे पुण्याला? तिथंही आधी त्यालाच न्यायचं?

पासापुरते गुण दिले. दुसरं काय करणार होतो?

१३, सकाळ. निकाल वाचला. पास झाल्याचं ऐकून गोविंदा रडू लागला. शांतानं भूमितीचं पुस्तक उघडून त्याच्यापुढे ठेवलं.