ठोंब्या आणि दाराची बेल

३ जून, सोमवार
ठोंब्याने आज घरमालकांच्या पोटरीत दात रोवले. बायको त्याला ‘बाळ’ म्हणते. या वहीत तो ठोंब्याच. दाराची बेल वाजली की कुत्र्याच्या अंगात येतं. कारण काय, तर म्हणे मी दार उघडायला धावतो आणि दर वेळी माझा पाय त्याच्या शेपटीवर पडतो. शेपूट वाटेत ठेवायला सांगितली कुणी?
घरमालक लंगडत म्हणाले, महिनाअखेरपर्यंत हे बंद करा, नाहीतर खोल्या खाली करा. बायको म्हणाली, बाळ गेला तर मीही जाईन. मोह झाला. 

४ जून
मेहुणा आला. जनावरांच्या डॉक्टरकडे कंपाउंडर, पण ऐट डॉक्टरच्या वर. म्हणाला, भाऊजी, बेल वाजवत राहा, फक्त शेपटीवर पाय देऊ नका. हळूहळू भीती जाईल. पण हे याच दारात करा. दुसरीकडे गप्प झाला तरी इथे आला की पुन्हा सुरू होईल.
शहाणा! वीस वर्षं मिक्सर दुरुस्त करतोय मी. बिघाड घरात झाला तरी मशीन दुकानातच आणावं लागतं.

५ जून, सकाळी १०
घरची बेल काढून दुकानात बसवली, ठोंब्यालाही नेलं. तीस वेळा वाजवली. तीसही वेळा भुंकला. एक बाई मिक्सर टाकून पळाल्या. झाकण मात्र घेऊन गेल्या.

९ जून
चाळीसपैकी अकरा वेळाच भुंकला. शेजारचा शिंपी हात जोडून म्हणाला, आता बस करा. अडाणी माणूस.

१४ जून, संध्याकाळी ५
शंभर वेळा वाजवली. ठोंब्याने जांभई दिली! मेहुण्याला मुद्दाम फोन केला. तो एवढंच म्हणाला, घरी वाजवून बघितलीत का? जळतो मेला.

१६ जून, रविवार
बेल घरी बसवली. घरमालकांना चहाला बोलावलं. बायको म्हणाली, आधी आपणच एकदा वाजवून बघू. मी म्हटलं, विश्वास नावाची काही चीज असते की नाही?
बरोब्बर पाचला बेल वाजली. आता दुसरी पोटरी. सोडवायला धावलो, तर गडबडीत पाय नेमका शेपटीवर. बायकोने नेमकं तेवढंच पाहिलं.

१७ जून
चूक घरमालकांची. बेल फार जोरात दाबली.
मेहुणा रजा काढून राहायला आलाय. माझ्या खुर्चीत बसतो. हुकूम सोडलाय, भाऊजींनी दाराजवळ फिरकायचं नाही. दिवसभर तो बेल वाजवतो, बायको दार उघडते, कुत्रा बिस्किटं खातो. मला साधा दुसरा चहा मिळत नाही.

२२ जून
ठोंब्या आज फक्त दोनदा भुंकला. दोन्ही वेळा मी खोलीत आलो म्हणून, असं मेहुण्याचं मत. मत विचारलं कुणी?

२९ जून
घरमालक आले, काठी घेऊन. बेल वाजली. ठोंब्या सोफ्यावर लोळत पडला होता, तसाच राहिला. घरमालकांनी त्याला कुरवाळलं. खोल्या राहिल्या. सगळ्यांनी मेहुण्याची पाठ थोपटली. पाया दुकानात मी घातला, हे बोलायला एकाचीही जीभ रेटली नाही. गेला एकदाचा पाहुणा. उद्यापासून हे घर माझ्या शिस्तीत चालेल.

२ जुलै, मंगळवार
किल्ली दुकानात विसरलो. सात वाजता बेल वाजवली. सव्वासातला वाजवली. मग बोट न उचलता वाजवली. आत टीव्ही चालू, दिवे चालू. पाऊण तास जिन्यात उभा. शेवटी घरमालक लंगडत वर आले आणि त्यांनी बायकोला फोन लावला.
दार उघडून ती म्हणाली, अगंबाई, तुम्ही होय! बाळ भुंकला नाही, मला वाटलं कुणीच नाही.