एकतीस गाड्या एकदम

ता. १४, गुरुवार
भूदल मुख्यालय, तिसरा मजला

प्रिय दादास,

नमस्कार. रागात असलास तरी नमस्कार तेवढा घे.

इकडे ठीक. आईच्या गुडघ्याला शेक चालू आहे, आणि जिना चढू नकोस म्हटलं की ती मुद्दाम दोनदा चढते. वहिनीचा फोन आला होता. धाकट्याचे पुढचे दोन दात पडले म्हणे, शिट्टी वाजवायला गेला की नुसता वारा येतो. आमच्या मजल्याला नवा रंग दिलाय, औषधाच्या गोळीसारखा गुलाबी. कर्नलसाहेब म्हणाले, "शत्रू आत शिरलाच तर हसून मरेल."

रविवारी मामा आले होते. जेवताना मला डिवचलंच, "एवढी मोठी इमारत तुमची, एक रणगाडा नाही की तोफ नाही. करता तरी काय? सह्या?" मी म्हटलं, "हो मामा, सह्याच." मग समजावलं, की भूदल मुख्यालय लढाई चालवत नाही. माणसं भरती करायची, शिकवायची, हत्यारं-गाड्या द्यायच्या आणि 'ही पलटण तयार आहे' असं लिहून पुढे सोपवायची. सीमेवर कोणाला कुठे धाडायचं ते संयुक्त कमांड ठरवते, आमच्या त्या एका ओळीवर भरवसा ठेवून. मामा म्हणाले, "म्हणजे ओळ खोटी निघाली की संपलं." आई एकदम उठून पाणी आणायला गेली. तुझी पलटण नापास झाल्यापासून हा विषय निघाला की तिला तहान लागते.

आठ दिवस मी हे पत्र टाळतेय. आता बास.

तपासणीत काय झालं ते तुला माहीत आहे, का झालं ते माहीत नाही. पलटणीचा प्रमुख म्हणून तू तक्ता पाठवलास : चिलखती गाड्या एकतीस, तयार एकतीस. ब्रिगेडने आकडा तसाच वर सरकवला, डिव्हिजननेही. तपासणीवाला नेहमी रांगेतून एकेका गाडीपाशी जातो, इंजिन सुरू झालं की बरोबरची खूण. या वेळी मात्र मुख्यालयातून लेखी हुकूम आला, की एकतीस गाड्या एकदम सुरू करा आणि वीस किलोमीटर चालवून आणा. फाटकापर्यंत तेरा पोचल्या.

तो हुकूम मी लिहिला, दादा. सही कर्नलसाहेबांची, मसुदा माझा.

मला कसं सुचलं, तेही ऐक. गेल्या सुट्टीत तूच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हसत हसत सांगितलं होतंस, की चांगल्या बॅटऱ्या थोड्याच आहेत, त्या तपासणीवाल्याच्या पुढे पुढे पळवायच्या. तो पाचव्या गाडीशी असला की पहिलीतल्या काढून नवव्या गाडीत. "पोरं इतकी तरबेज झालीत, विचारू नकोस!" तेव्हा मीही हसले. त्याची मला लाज वाटते.

तुला वाटलं, वर्कशॉपच्या सार्जंटने चुगली केली. तू त्याच्यावर फितुरीचा ठपका ठेवलास, वर गाड्या बंद पडल्याचं खापरही त्याच्याच डोक्यावर फोडलंस. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस! त्याने बॅटऱ्यांसाठी तुला चार वेळा लेखी मागणी दिली. तू एकही वर पाठवली नाहीस, कारण मागणी गेली असती तर तुझा तक्ता खोटा ठरला असता. चारही प्रती त्याने मला आणून दाखवल्या. चौकशी समितीने तुझं म्हणणं मानलं तर त्याची नोकरी गेलीच.

आई म्हणते, घरातलं बोलणं घरात ठेवायचं असतं. कर्नलसाहेबांनीही तपासणीआधी सुचवलं होतं, "सख्ख्या भावाची पलटण आहे, फाइल दुसऱ्याकडे द्या. कोणी नावं ठेवणार नाही." नाही दिली. दुसऱ्याने रांगेतून फिरून एकतीस खुणा केल्या असत्या, आणि महिनाभरात त्याच गाड्यांतून तुझी चारशे माणसं सीमेवर गेली असती. पहिल्या गाडीत तू. बढती हुकली म्हणून जन्मभर मला बोल लाव, खुशाल लाव. पण जिवंत राहून लाव!

माफी मागायला लिहीत नाहीये. घरात कानावर पडलेली गोष्ट मी कचेरीत वापरली. हो, वापरली, आणि वेळ आली तर पुन्हा वापरीन. पण तिची शिक्षा त्या सार्जंटला भोगू देणार नाही. सोमवारी दहा वाजता चौकशी समिती बसेल, तिथे मी जबाब देणार आहे. तोवर तुला स्वतःच्या तोंडाने खरं सांगायचं असेल तर सांग. सांगितलंस तर माझ्याइतका अभिमान दुसऱ्या कोणालाही वाटणार नाही. नाही सांगितलंस तरी तू माझा दादाच, त्यातून तुझी सुटका नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी सख्खी धाकटी बहीण,
मेजर, सज्जता विभाग

प्रत : अध्यक्ष, चौकशी समिती. (आज सकाळी स्वतः नेऊन दिली. पोच घेतली आहे.)