चौघांच्या फोटोचं घड्याळ

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल.

आज दुकानात मी जे केलं ते मनातून जात नाही.

शिरढोणच्या एका काका-काकूंनी नव्या घरासाठी फोटोचं घड्याळ सांगितलं होतं. फोटोत ते दोघं, मुलगा आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली मुलगी. छपाई व्हायच्या आतच दोघं आज परत आले.

"ताई, पोरीला काढा यातून," काका म्हणाले.

"दुसरा फोटो देताय का?"

"नाय. तिनं पलून लगीन केलंय. वास्तुशांतीला पावने येतील, इचारतील."

काकू खाली बघत होत्या. मी नाही म्हणायला हवं होतं का? दुसऱ्या कुणी करून दिलंच असतं, असं मी स्वतःलाच सांगतेय. कॉम्प्युटरवर मुलगी पुसली, तिच्या जागी मागचा पडदा भरला. खांद्यावरचा हात तेवढा राहिला. काकू आता त्या हाताकडेच बघत होत्या, म्हणून मी मुद्दाम थांबले. पण काकांच्या लक्षात आलं.

"त्यो हात पन."

तोही पुसला. दहा मिनिटांत ती पोर त्या घरात कधी नव्हतीच, असं झालं.

घड्याळ छापलं, काटे बसवून दिले. काका रिक्षा बघायला बाहेर गेले तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या.

"पयला फोटो हाय ना तुमच्याकं?"

"आहे काकू. तुमच्या फोनवर पाठवू?"

"नको. माजा फोन हेच बघतान. तुमच्याकंच ऱ्हाऊ द्या."