लहान झालेला हात

दिनांक ९ ऑक्टोबर, शुक्रवार

चष्मेवाल्या बाईंना,

वयाने मोठ्या असाल तर नमस्कार, लहान असाल तर आशीर्वाद. फोटोवरून अंदाज येत नाही. तुमच्या देशात केस रंगवतात असं ऐकते.

आम्ही तिघी बऱ्या आहोत. छपराचा पत्रा तुमच्या मदतीतून बदलला, आता पाऊस बाहेरच्या बाहेर पडतो. माझा गुडघा मात्र बदलून मिळत नाही. तीस वर्षं लोकांचे जिने पुसले, सगळ्या पायऱ्या त्याने मोजून ठेवल्यात. आता मी खाटेवर बसून हुकूम सोडते. धाकटी नात म्हणते, हे काम तुला जास्त जमतं.

तुमचं पत्र मदत संस्थेच्या ऑफिसातल्या बाईंनी आपल्या भाषेत उतरवून दिलं. दर वर्षी आम्ही कागदावर थोरलीच्या हाताची आकृती काढून पाठवतो, ती तुम्ही भिंतीला लावता, हे वाचून बरं वाटलं. तुम्ही विचारलंत की यंदाचा हात गेल्या वर्षीपेक्षा लहान कसा. त्या दिवशी थंडी होती, म्हणून थोरलीने बोटं आखडून धरली होती. पेन्सिलही टोकदार होती.

थोरली रोज शाळेत जाते. तिचा गणितात दुसरा नंबर आला.

तुमच्या मांजरीला बरं वाटलं का ते कळवा. सर्वांना नमस्कार.

तुमची,
पोरींची आजी


दिनांक ११ ऑक्टोबर, रविवार

चष्मेवाल्या बाई,

परत मीच. अक्षर वेगळं दिसेल, कारण हे पत्र आमच्या गल्लीतला शिंपी लिहितोय. आज त्याचं दुकान बंद, म्हणून सापडला. याच्या अक्षराला वळण नाही, पण सांगितलं तेवढंच कापतो आणि तेवढंच शिवतो.

झालं असं की शुक्रवारी मी धाकटीला पत्र सांगितलं. चांगलं चहा गार होईस्तोवर बोलले. तिने कागद दाखवला तर त्याची एक बाजूही भरलेली नव्हती. मला वाचता येत नाही, पण किती बोलले ते कळतं. तिला म्हटलं, "एवढंच?"

"मी बारीक अक्षरात लिहिलंय, आजी."

बारीक अक्षर असं दोन बोटं जागा सोडून नसतं. मी कागद पदराला बांधला आणि आज शिंप्याकडून वाचून घेतला. मांजरीपर्यंत सगळं आलंय. मधलं, जे सांगायला मी बसले होते, ते तेवढं गेलंय. थंडीचं, शाळेचं आणि नंबराचं तिने पदरचं घातलंय. नंबर खरा आहे, पण तो तिचा स्वतःचा आहे.

आता मधलं सांगते.

थोरली शाळेत जात नाही. चौदा महिने झाले. ती मासे साफ करायच्या कारखान्यात आहे. तिथेच बायकांच्या खोलीत राहते, महिन्यातून एका रविवारी घरी येते. यंदाच्या कागदावर हात धाकटीचा होता.

ऑफिसचा नियम तुम्हाला माहीत असेल. नाव थोरलीचं आहे. ती शाळेत असेल तोवर तुमची मदत आमच्या घराला. शाळा सुटली की नाव कापायचं आणि मदत रांगेतल्या पुढच्या घराला द्यायची. नियम वाईट नाही. आमच्याआधी कुणाचं तरी असंच कापलं असेल, म्हणून तर आमचा नंबर लागला. पण त्याच मदतीवर धाकटीची शाळा चालते, आणि तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून हात काढायचा दिवस आला तेव्हा मी धाकटीला म्हटलं, "ठेव तुझा." तिने विचारलं, "ताईचा मोठा होता ना?" मी म्हटलं, "एवढं कोण मोजतंय." तुम्ही मोजलंत. तेव्हा पोरीला रागावण्याचं तोंड मला नाही. मला अक्षर येत नाही, तरी खोटं लिहिता आलं. ती तेच शिकली, फक्त तिचं अक्षर सुबक आहे.

आज ती इथेच, शिंप्याच्या मशिनजवळ बसलीय. म्हणते, "हे पाठवलंस तर माझी शाळा जाईल. मग तुझी पत्रं कोण लिहील?"

मी म्हटलं, "शिंपी आहे की."

ती हसली नाही. शिंपीही हसला नाही.

अजून एक राहिलंय. ते मी शुक्रवारीही सांगितलं नव्हतं, त्यामुळे धाकटीने ते गाळलं असं म्हणू नका. माझा गुडघा गेला, जिन्यांचं काम सुटलं, तेव्हा थोरली एका सकाळी पिशवी भरून दारात उभी राहिली. म्हणाली, "जाऊ का?" मी तिला जाऊ नको म्हटलं नाही. डबा नीट बंद कर म्हटलं. ती थोडा वेळ उभी होती. मग तिने डबा परत एकदा बंद केला आणि गेली.

शिंपी थांबून विचारतोय, हे लिहू का. लिही.

हे पत्र तुमच्याआधी ऑफिसातल्या बाई वाचतील. त्यांनाही नमस्कार. बाई, त्यांच्या भाषेत उतरवताना मधलं तुम्ही तरी गाळू नका. पुढे रांगेतलं घर असेल तर त्यांना आमचं नाव सांगू नका, उगीच संकोचतील.

पहिलं पत्र फाडून टाक, असं शिंपी म्हणाला. मी नको म्हटलं. दोन्ही एकाच पाकिटात घालते. धाकटी काय शिकली ते तुम्हाला दिसावं, चांगलंही आणि दुसरंही. तिचं नाव कागदावर चढवता येतं का, ते तुम्ही आणि ऑफिस बघा. मी विचारलं, एवढंच. आर्जव करायला बसले तर शिंप्याची शाई संपेल.

आज थोरलीचा रविवार होता. मागच्या बाजूला तीन हात काढलेत. सगळ्यात मोठा तिचा. वाढलेला हवा होता ना तुम्हाला, वाढलाय. थोडा वयाने, थोडा बर्फाच्या पाण्याने सुजून. लहान तो धाकटीचा, भिंतीवरच्याशी जुळवून बघा. वाकड्या बोटांचा तो माझा.

नाव कापायचं ठरलं तर रेघ माझ्या हातावर मारा. पोरींच्या हातांना शाई लावू नका.

शिंप्याने दोनदा वाचून दाखवलं. एक शब्द कमी नाही.

सही येत नाही, हातच समजावा,
पोरींची आजी