मी पात्रता फेरी वाचवली त्याची हकिगत

प्रिय ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला अर्धा भेटीत पूर्ण करीन.) तुझे गुडघे आणि भावोजींची साखर या दोघांत सध्या कोण वरचढ आहे ते कळव. आमच्याकडे सगळे ठीक आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरे विचारशील तर आमच्या घरात हल्ली भांडीसुद्धा आवाज न करता घासली जातात. तुझी भावजय माझ्याशी बोलते, पण फक्त क्रियापदांत. 'जेवा.' 'उठा.' 'सरका.' कर्ता आणि कर्म मी आपले समजून घ्यायचे. चष्म्याचे दुकान चालू आहे. लोकांची नजर नेहमीप्रमाणे अधू होत असते, त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

परवा फोनवर तू विचारलेस, भिंगरीच्या टेनिसचे काय झाले, आणि मी 'आवाज येत नाहीये' म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. भावोजी मागे खोकत होते तेही ऐकू आले. पण जे झाले ते तोंडाने सांगवत नाही, म्हणून कागदावर उतरवतो आहे. भावोजींना वाचून दाखवू नकोस. ते हसतील, आणि त्यांचे हसणे पत्रातूनही ऐकू येते.

तर झाले असे. गेली काही वर्षे आपल्या राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालच्या अशा तीन वयोगटांत होत होत्या. ज्यांची क्रमवारी वरची, ते थेट मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे खऱ्या स्पर्धेत. आपल्या भिंगरीसारखी मधली मंडळी आधी पात्रता फेरी खेळत आणि त्यातून निभावली तर आत जात. (गेल्या खेपेस ती आत गेली होती. पहिल्याच सामन्यात बाहेर आली, पण गेली होती.) मग संघटनेला कसला साक्षात्कार झाला कोण जाणे, त्यांनी बदलांचा मसुदा काढला. सोळाचा गट रद्द. आता गट दोनच, पंधरा आणि अठरा. मुख्य ड्रॉ निम्मा. आणि पात्रता फेरी मुळासकट बंद. आपल्या पोरीला नुकतेच पंधरावे उलटलेले. म्हणजे धाकट्यांच्या गटातून वयाने हाकललेली, आणि थोरल्यांच्या गटात तिच्यापेक्षा हातभर उंच मुलींच्या रांगेत सर्वांत मागे. मी मसुद्याची पहिली तीन पाने वाचली आणि माझे डोके असे तापले की पुढची वाचायची गरजच उरली नाही. हे वाक्य, ताई, नीट लक्षात ठेव. दिवसभर लोकांना बारीक अक्षरे वाचायला लावणाऱ्या माणसाने लिहिले आहे ते.

मसुद्यावर हरकती ऐकायला संघटनेने सभा ठेवली. पालकांकडून कोणीतरी एकाने बोलायचे ठरले. आमच्यात एक वकील आहेत, त्यांची मुलगीही याच कचाट्यात सापडलेली. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी घशाला हात लावून खोकून दाखवले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला खोकला वेळेवर आला नाही. झालो मी प्रतिनिधी.

त्यानंतर मी भाषणाच्या तयारीला लागलो. दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसले की त्याच्या डोळ्यांवर भिंगे चढवायची आणि त्याला हलता येत नाही तोवर वयोगटांचा अन्याय समजावून सांगायचा, असा क्रम मी ठेवला. बहुतेकांनी सहानुभूती दाखवली. एका बाईंचा नंबर मात्र त्या भरात चुकला. त्या चौथ्या दिवशी परत आल्या आणि म्हणाल्या, या चष्म्यातून मला आमचे हे दोन दिसतात, एक होते तेच पुरेसे होते. घरी आरशासमोर तालीम चाले. मधेच एकदोनदा भिंगरी दाराशी येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही शेवटचं पान वाचलंत का?" मी तिला हाताने थांबवले. वक्त्याची लय एकदा तुटली की परत सापडत नाही.

सभा स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होती. घडीच्या लोखंडी खुर्च्या, छताला एक पंखा फिरणारा आणि एक नुसता टांगलेला, भिंतीवर जुन्या विजेत्यांचे पिवळे पडलेले फोटो. अध्यक्ष एकेकाळी दुहेरीत नाव कमावलेले गृहस्थ. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि मी नेमका डावीकडे उभा होतो. पण ताई, त्या दिवशी मी बोललो! मी म्हणालो, पात्रता फेरी म्हणजे गरीब क्रमवारीवाल्या लेकरांचा एकमेव दरवाजा, तो तुम्ही भिंत घालून बुजवताय. मी म्हणालो, जन्मतारखेच्या दाखल्यावर टेनिस खेळता येत नाही. आणि शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "वय बघू नका, खेळ बघा!" हॉलमध्ये टाळ्या झाल्या. वकिलांनी तर उभे राहून वाजवल्या, घसा एकदम बरा झाला होता त्यांचा. अध्यक्षांनी शेजाऱ्याला विचारून घेतले मी काय म्हणालो ते, आणि मान डोलावली. समिती आत गेली, चहा घेऊन बाहेर आली आणि जाहीर केले की पालकांच्या भावनांचा आदर करून मसुदा मागे घेत आहोत. वयोगट पूर्वीचेच. पात्रता फेरी राहील. ड्रॉ तेवढा निम्माच ठेवावा लागेल, कारण कोर्टे कमी आहेत. शिवाय 'वय बघू नका' ही पालक प्रतिनिधींची सूचना समितीला फारच पटली, त्यामुळे यापुढे पात्रता फेरीत लहान वयाच्या खेळाडूंनाही उतरता येईल.

लोक माझा हात हातात घेऊन हलवत होते. मी तरंगत होतो. तेवढ्यात संघटनेचे सचिव खुर्च्या मिटता मिटता माझ्याजवळ आले. वाळका, सभ्य माणूस. म्हणाले, "तुमची मुलगी पंधरा पूर्ण ना?"

"हो."

"मोठं मन आहे बुवा तुमचं."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्या मुली या बदलात मधेच अडकत होत्या, त्यांना आम्ही एक वर्ष अठराच्या मुख्य ड्रॉमध्ये थेट घेणार होतो. पात्रता नाही, काही नाही. शेवटच्या पानावर आहे की! आता मसुदाच गेला, त्यामुळे तेही गेलं. स्वतःच्या मुलीची जागा सोडून इतरांसाठी भांडणारा पालक मी पहिल्यांदा पाहिला."

मी म्हणालो, "कर्तव्य आहे आपलं." दुसरे काय म्हणणार? मग मी जिना उतरलो आणि स्कूटर कुठे लावली होती ते बराच वेळ आठवेना.

घरी येऊन आधी तुझ्या भावजयीला सांगितले. ती कणीक मळत होती. मळायची थांबली, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा मळू लागली, पण वेगळ्या जोराने. क्रियापदे सुरू झाली ती त्या दिवसापासून. भिंगरीला सांगायला गेलो तर तिला निकाल आधीच मैत्रिणीकडून कळलेला. ती रॅकेटच्या मुठीवरची पट्टी बदलत होती. "असू दे," म्हणाली, "खेळू पात्रता." पट्टी गुंडाळत राहिली. मान वर केली नाही.

पात्रता फेरी मागच्या कोर्टावर लावली होती, पाण्याच्या टाकीला लागून. वेळ वाचवायला सेटही आखडले, सहाऐवजी चार गेमचे. ड्रॉ निघाला आणि भिंगरीसमोर कोण, तर एक अकरा वर्षांची पोर! दोन वेण्या, पुढचे दात अजून पुरते न आलेले, रॅकेट धरली की रॅकेटनेच तिला धरल्यासारखी दिसे. 'वय बघू नका' या माझ्या वाक्याची पहिली लाभार्थी. तिची आजी जाळीबाहेर स्टुलावर बसून होती, मला म्हणाली, "कोणीतरी भले गृहस्थ सभेत बोलले म्हणून आमच्या पोरीला उतरता आलं हो." मी टाकीकडे बघत राहिलो.

ताई, ती पोर चेंडू परत पाठवायची. बस, एवढेच करायची. भिंगरी जीव तोडून मारायची, आणि चेंडू परत. कोपऱ्यात मारला, परत. जाळीशी टाकला, ती तुरुतुरु धावत येऊन उचलून परत. पहिला सेट गेला तेव्हा माझ्या तोंडून सुस्कारा बाहेर पडला. पंच खुर्चीवरून वाकून म्हणाले, "पालक, खेळाडूला सूचना देऊ नका." मी म्हणालो, "मी श्वास सोडला." ते म्हणाले, "मोठ्याने सोडलात." त्यानंतर उरलेला सामना मी श्वास हळूहळू हप्त्याने सोडत पाहिला. मधल्या विश्रांतीत त्या पोरीच्या बुटाची नाडी सुटली, तिला ती बांधता येईना, तर आपली भिंगरी जाऊन खाली बसली आणि बांधून दिली. वर घट्ट आहे का म्हणून विचारले. मला वाटले, आता हिला जिंकायचे नाही. मग दुसऱ्या सेटमध्ये ती अशी काही खेळली की वाटले, नाही, हिला जिंकायचे आहे, फार जिंकायचे आहे. ते बघणे जास्त कठीण होते. शेवटचा चेंडू जाळीच्या पट्टीवर बसला, क्षणभर दम खाल्ला आणि आपल्याच बाजूला पडला.

परतताना स्कूटरवर ती माझ्या मागे बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "बाबा, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"मी मसुदा पूर्ण वाचला होता. मला तो आवडला होता."

मी आरसा तिच्याकडे वळवला.

"अठराच्या ड्रॉमध्ये एकदा खेळायचं होतं मला. मधल्या मोठ्या कोर्टावर, लोक बसलेले असताना, त्या उंच मुलींशी. हरले असतेच. पहिल्याच फेरीत हरले असते, मस्त हरले असते, आणि मग सोडून दिलं असतं. मी आईला सांगितलं होतं तसं."

"सोडून?"

"मला पुरे झालंय बाबा. केव्हाचंच. फक्त शेवट चांगला हवा होता."

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले. मी स्कूटर चालू केली ती बंद पडली, परत चालू केली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो घर येईपर्यंत काढला नाही.

रॅकेट आता कपाटावर आहे. शाळा सुटली की ती सरळ घरी येते. संध्याकाळ हा एवढा लांबलचक प्रकार असतो हे मला ठाऊक नव्हते. आम्ही तिघे बसतो आणि ती संपायची वाट बघतो. मी दुकानात लोकांना तक्त्याची शेवटची ओळ वाचायला लावतो आणि ते वाचू लागले की मी तक्त्याकडे पाठ करतो. वकील भेटले होते. त्यांची मुलगी पात्रतेतून आत गेली. त्यांनी पेढ्यांऐवजी मला मिठी मारली. मी त्यांचे अभिनंदन केले, आणि तुला म्हणून सांगतो, मनापासून केले नाही.

टेनिसचा माझ्यापुरता विषय संपला. भावोजींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा अर्धा नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. भिंगरीला सुट्टीत महिनाभर ठेवून घेशील का? खरे म्हणजे एवढे विचारायलाच लिहायला बसलो होतो, बाकीचे मधे मधे येत गेले. ती वरून हसते बोलते, पण आतून पार मोडली आहे, बापाला कळते. तिच्यासमोर टेनिस हा शब्द काढू नये. टेबल टेनिससुद्धा नको.

ता. ता. क. संघटनेने मला वयोगट उपसमितीवर घेतले आहे. मी नाहीच म्हणणार होतो. पण सचिव म्हणाले, तुमच्यासारखी निःस्वार्थी माणसे मिळत नाहीत. तुझ्या भावजयीला अजून कळलेले नाही, तूही कळवू नकोस.

आत्या, मी भिंगरी. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. आईला उपसमितीचं केव्हाच कळलंय. मी मोडलेली वगैरे नाही. मला भूक लागते, झोप लागते, मी चित्रकलेच्या वर्गाला नाव घातलंय आणि तिथे माझ्यापेक्षा वाईट काढणारी दोन माणसं आहेत. सुट्टीत मला नको बोलावू. बाबांना बोलाव. ते अजून रोज पहाटेचा गजर लावतात. मी उठत नाही, तेव्हा ते एकटेच क्लबवर जातात. तिथल्या रखवालदाराने आईला सांगितलं, ते चेंडूंची टोपली घेऊन रेषेवर उभे राहतात आणि समोर कोणी नसताना एकेक चेंडू पलीकडे टाकतात, पूर्वी मला टाकायचे तसे. टोपली रिकामी झाली की पलीकडे जाऊन सगळे वेचून आणतात. मी सांगितलं म्हणून बोलावतेस असं म्हणू नको, काहीतरी काम काढ. आणि तिकडे ते टेनिसबद्दल बोलायला लागले तर बोलू दे. इथे आम्ही दोघी विषय बदलतो.